आपल्या भागाची कोलेस्टेरॉलची रेंज आपणच ठरवावी का?

पत्र थोडक्यात असं: सांगली-सातारा-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी लॅब चालवणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी हे लिहिलं आहे. त्यांच्याकडच्या लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या, निम्म्याहून अधिक रिपोर्टवर काही ना काही रेंजबाहेरचं म्हणून ठळक अक्षरांत छापलं जातं. काही पेशंट ते पाहून हबकतात, तर काही जण 'सगळ्यांचंच वाढलेलं असतं' म्हणत रिपोर्ट घडी करून ठेवून देतात. शेजारच्या शहरातली लॅब वेगळीच रेंज छापते. गावातले एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात, "अमेरिकेच्या रेंजा आपल्या माणसांना कशाला लावता? आपली काढा." म्हणून त्यांनी लॅबच्या कॉम्प्युटरमधले गेल्या काही वर्षांचे आकडे काढले. मधल्या 95 टक्के लोकांची रेंज पाहिली तर एलडीएलची ('वाईट' कोलेस्टेरॉल, जे कमी असलेलं बरं) वरची मर्यादा 170 च्या आसपास आली आणि एचडीएलची ('चांगलं' कोलेस्टेरॉल, जे कमी असणं बरं नाही) खालची मर्यादा तिशीच्याही खाली गेली. साखर कारखान्यातल्या कामगारांची वार्षिक तपासणी त्यांच्याकडे असते आणि 'रेंज स्थानिक केलीत तर बरं होईल' असं तिथूनही सुचवलं जातं. वडील 64 वर्षांचे आहेत, त्यांचं एलडीएल 148. ते म्हणतात, "तुझ्याच हिशेबाने मी नॉर्मल आहे." डॉक्टरांचा प्रश्न असा: ही रेंज रिपोर्टवर छापावी का? की निरोगी माणसं निवडून रीतसर अभ्यास करावा आणि मग छापावी?

प्रिय डॉक्टर,

किटच्या डब्यातल्या कागदावरची रेंज रिपोर्टवर जशीच्या तशी उतरवून मोकळं होणं सोपं असतं. ती आपल्या माणसांना लागू पडते का, हे विचारण्याचे कष्ट तुम्ही घेतलेत, याचं मला फार मोल वाटतं. हाच प्रश्न तुम्ही क्रिएटिनिन, युरिक ॲसिड किंवा अल्कलाइन फॉस्फटेजबद्दल विचारला असतात तर 'लगेच कामाला लागा' म्हणाले असते. कोलेस्टेरॉलबद्दल माझं उत्तर वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकते. मोजून काढलेली ही रेंज रिपोर्टवर छापू नका. अभ्यास मात्र जरूर करा, पण त्याचा हेतू बदलून.

तुम्ही वापरलेली पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. 1969 मध्ये फिनलंडच्या ग्रेसबेक आणि सारिस या दोघांनी 'संदर्भ मूल्यां'ची कल्पना मांडली आणि आजही जगभरच्या लॅब तोच पाया धरून चालतात. निरोगी माणसं निवडायची, किमान 120 घ्यायची, स्त्री-पुरुषांत फरक पडत असेल तर प्रत्येकी 120. त्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडायचे आणि उरलेल्याला रेंज म्हणायचं. पोटॅशियमसाठी हे चोख चालतं, कारण शरीर पोटॅशियमला एका अरुंद पट्ट्यात धरून ठेवतं. पट्ट्याच्या बरंच बाहेर गेलं की सहसा काहीतरी बिघडलेलं असतं. म्हणजे या पद्धतीच्या पोटात एक गृहीतक आहे: बहुतेकांचं जे असतं तेच शरीराला हवं असतं. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत नेमकं हेच खरं नाही. शरीर एलडीएलला असं धरून ठेवत नाही. ते खाण्यापिण्याप्रमाणे, वजनाप्रमाणे, थायरॉइडप्रमाणे, आईवडिलांकडून आलेल्या जनुकांप्रमाणे वर सरकतं आणि आपल्याला काही कळत नाही. नवजात बाळाच्या नाळेतल्या रक्तात एलडीएल साधारण 30 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. (इथले रक्तातल्या चरबीचे सगळे आकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत.) तिथून चाळिशीपर्यंत ते कितीतरी वर जातं, अनेकांचं 130-140 वर, आणि बहुतेकांचं वाढतं म्हणून आपण त्याला वयाचा भाग समजतो.

तुमच्याच भागातलं सांगायचं तर, माणदेशात पाऊस कमी पडतो म्हणून तिथल्या ज्वारीची तहान कमी होत नाही. सरासरी पाऊस किती ही एक नोंद आणि पिकाला पाणी किती लागतं ही दुसरी. पहिलीवरून दुसरी काढता येत नाही. तुम्ही जी 170 ची मर्यादा काढलीत ती पहिल्या प्रकारची नोंद आहे.

एचडीएलकडे पाहिलंत तर हे आणखी स्पष्ट होईल. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या इंडियाब अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगडबरोबर आपला महाराष्ट्रही होता. त्यातली लिपिडची माहिती 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी 72 टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं, जवळपास 30 टक्के लोकांची ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली आणखी एक चरबी) वाढलेली होती आणि 79 टक्के लोकांच्या लिपिडमध्ये कुठला तरी एक दोष होता. पुढे सगळ्या राज्यांची मिळून आकडेवारी 2023 मध्ये आली, तेव्हाही हा आकडा 81 टक्के होता. आता अशा समाजाचे मधले 95 टक्के पकडून तुम्ही रेंज काढलीत, तर ज्याचं एचडीएल 29 आहे त्या माणसाच्या रिपोर्टवर सगळं साध्या अक्षरांत छापून येईल. तो निवांत घरी जाईल. रिपोर्टवरची ठळक अक्षरं नक्की कमी होतील, पण त्यातून कुणाचाही धोका कमी झालेला नसेल. 'निम्म्याहून अधिक लोकांचे रिपोर्ट बिघडलेले कसे असतील, रेंजच चुकली असणार' असं तुम्हाला वाटलं, ते समजू शकते. पण निम्म्याहून अधिक लोकांचं खरंच बिघडलेलं असू शकतं. आपल्याकडे अॅनिमियाचं हेच आहे, आणि बहुतेक बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं म्हणून आपण त्याची मर्यादा 9 वर आणत नाही.

तुमच्या आकड्यांत आणखी एक अडचण आहे, ती तुम्हाला मनातून जाणवली असेलच. लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल करायला कोण येतं? ज्याला मधुमेह आहे, ब्लडप्रेशर आहे, छातीत दुखून गेलं आहे, ज्याची गोळी चालू आहे आणि 'किती उतरलं' ते बघायचं आहे. गोळीवाल्यांचे आकडे रेंज खाली ओढतात, गोळी न घेणाऱ्या मधुमेह्यांचे वर ओढतात आणि आजारातून नुकत्याच उठलेल्यांचं कोलेस्टेरॉल काही आठवडे खोटंच कमी दिसतं. अशा सरमिसळीतून निरोगी गट वेगळा काढायची एक गणिती वाट आहे आणि ती सी. जी. भट्टाचार्य या भारतीय संख्याशास्त्रज्ञाच्या 1967 च्या कामातून निघाली, याचा मला अभिमान वाटतो. पण त्या वाटेलाही आत निरोगी लोकांचं बहुमत असावं लागतं. लिपिडच्या बाबतीत तेच नाही.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, मग निरोगी माणसं नीट चाळून घेते. तुमच्या प्रश्नाचा हा दुसरा भाग जास्त तोलाचा आहे, आणि तो जपानने करून पाहिला आहे. तिथे 'निंगेन डॉक' म्हणून संपूर्ण शरीराच्या वार्षिक तपासणीची पद्धत आहे. 2014 च्या एप्रिलमध्ये त्या तपासणीच्या संघटनेने सुमारे 15 लाख लोकांच्या नोंदी घेतल्या. मोठा आजार नाही, औषध चालू नाही, सिगारेट नाही, दारू बेताची, अशी चाळण लावली आणि उरलेल्या अगदी ठणठणीत लोकांवरून रेंजा काढल्या. पुरुषांच्या एलडीएलची रेंज आली 72 ते 178. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांची वरची मर्यादा तर 180 च्याही पुढे गेली. तिथल्या डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेत तोवर 140 ही रेघ होती. लोक विचारू लागले, मग इतकी वर्षं आम्हाला उगाच आजारी ठरवलंत का? धमनीविकारांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर आक्षेप घेतला आणि त्यांचा मुद्दा साधा होता: तपासणीच्या दिवशी ठणठणीत असणं वेगळं आणि पुढच्या वीस वर्षांत हृदयविकार न होणं वेगळं. धमनीत चरबी साचायला दशकं लागतात आणि तोवर माणूस डोंगर चढत असतो. रेंज काढणाऱ्यांनाही मग सांगावं लागलं की या आकड्यांवरून उपचार ठरवू नका. पंधरा लाखांच्या नोंदी, कडक चाळण, उत्तम लॅब, एवढं सगळं असूनही पद्धतीतलं मूळ गृहीतक बदललं नाही, म्हणून उत्तरही वेगळं आलं नाही. तुमच्या तालुक्यातल्या 240 निवडक माणसांवरून ते येणार नाही.

फिनलंडची गोष्ट याहून कठोर आहे. 1960 च्या दशकात पूर्व फिनलंडच्या पुरुषांचं सरासरी एकूण कोलेस्टेरॉल 260 च्या वर होतं. तिथला लाकूडतोड्या दणकट, अंगमेहनतीचा, दिसायला निरोगी, आणि कमावत्या वयात हृदयविकाराने जाणाऱ्यांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या भागांपैकी तो एक. त्या वेळी कुणी तिथली स्थानिक रेंज काढली असती तर 300 सुद्धा त्यात बसलं असतं. त्यांनी ते केलं नाही. 1972 मध्ये नॉर्थ करेलिया प्रांतात पेक्का पुस्का यांच्या पुढाकाराने लोकांचं लोणी, मीठ आणि सिगारेट यांवर काम सुरू झालं. पुढच्या साडेतीन-चार दशकांत तिथल्या कमावत्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. सगळ्या समाजाचीच सरासरी खाली आली.

आता 'अमेरिकेची रेंज' हा जो आक्षेप आहे, तो प्रामाणिक आहे. त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. तुमच्या रिपोर्टवर एलडीएल 100, 130, 160, 190 आणि एकूण कोलेस्टेरॉल 200, 240 असे टप्पे असतील, तर ते 2001 च्या अमेरिकी मार्गदर्शिकेतून आलेले आहेत हे खरं. पण ते अमेरिकी माणसांचे मधले 95 टक्के नाहीत. उलट, 1980 च्या दशकापर्यंत अमेरिकी लॅबही तुमच्याचसारखं मोजून 300 च्या आसपासची वरची मर्यादा छापत होत्या. कोलेस्टेरॉल उतरवल्याने हृदयविकार कमी होतो हे 1984 मध्ये एका मोठ्या औषध-चाचणीतून दिसलं, 1988 मध्ये पहिली मार्गदर्शिका आली आणि तेव्हा त्यांनी स्वतःची मोजलेली रेंज बाजूला ठेवली. पुढचे पुरावे तर अनेक देशांतून आले. एलडीएल साधारण 39 ने उतरलं की हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे 22 टक्क्यांनी कमी होतात, हे लाखाहून अधिक लोकांवरच्या औषध-चाचण्या एकत्र करून 2010 मध्ये मांडलं गेलं. मला स्वतःला सर्वांत पटणारा पुरावा 2006 चा आहे. पीसीएसके9 नावाच्या जनुकातल्या बदलांमुळे काही कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांचं एलडीएल जन्मापासूनच 28 टक्के कमी होतं. पंधरा वर्षं पाहिलं तर त्यांच्यात हृदयविकार 88 टक्के कमी होता. त्यांनी गोळी घेतली नव्हती, पथ्य केलं नव्हतं, फक्त आयुष्यभर पातळी कमी राहिली होती. म्हणजे रेघ कुठे ओढायची हे ठरतं ते पुढे कोणाला झटका आला आणि कोणाला नाही यावरून. आज रांगेत उभ्या असलेल्यांची सरासरी काढून ते ठरत नाही.

बरं, याच कसोटीवर भारतीयांसाठी वेगळी रेघ ओढायची झाली, तर ती कुठल्या बाजूला सरकते? वजनाचं उदाहरण घ्या. बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, आंतरराष्ट्रीय आकडा 25 आहे. आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह होतो हे दिसलं, तेव्हा भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ 23 वर आली आणि कमरेचा घेर पुरुषांसाठी 90, बायकांसाठी 80 सेंटिमीटर ठरला. स्थानिक रेघ खाली आली. हृदयविकाराचंही तसंच. इंटरहार्ट या 52 देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येत होता, इतरांना जवळपास 59 व्या. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये लिपिडची स्वतःची मार्गदर्शिका काढली. त्यात सर्वसाधारण धोका असलेल्यांसाठीही एलडीएल 100 च्या आत आणि नॉन-एचडीएल (एचडीएल सोडून उरलेलं सगळं कोलेस्टेरॉल) 130 च्या आत हवं असं म्हटलं आहे. मधुमेह किंवा ब्लडप्रेशर असलेल्या, जास्त धोक्याच्या लोकांसाठी एलडीएल 70 च्या आत, आणि झटका येऊन गेलेल्यांसाठी 55 च्या आत. तुमच्या ज्येष्ठ डॉक्टरांना 'आपली रेंज' हवी आहे ना, ही घ्या आपली रेंज. ती आपल्याच डॉक्टरांनी आपल्याच माणसांसाठी काढली आहे आणि ती 170 वरून फार लांब आहे.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. पेशंट घाबरतात किंवा दुर्लक्ष करतात, याचं कारण रेघ चुकीच्या जागी आहे हे नसून एकच रेघ सगळ्यांसाठी छापली जाते हे आहे. पंचवीस वर्षांच्या मुलीचं 118 आणि बायपास झालेल्या काकांचं 118 यांना एकच शेरा लागतो. हे बदलणं तुमच्या हातात आहे. लिपिडच्या रकान्यावर 'नॉर्मल रेंज' न छापता 'तुमच्या धोक्यानुसार हवी असलेली पातळी' असं मराठीत छापा आणि खाली तीन-चार ओळी द्या: इतर त्रास नसलेल्यांसाठी इतकं, मधुमेह-ब्लडप्रेशरवाल्यांसाठी इतकं, झटका किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांसाठी इतकं. नॉन-एचडीएल न चुकता छापा. ते काढायला एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, एवढंच. पैसे लागत नाहीत, उपाशीपोटी असण्याची अट नाही, आणि ट्रायग्लिसराइड्स वाढलेल्या आपल्या लोकांत ते एलडीएलपेक्षा जास्त खरं बोलतं. ठळक अक्षरं मोजक्या ठिकाणीच ठेवा. एलडीएल 190 किंवा त्याहून जास्त आलं तर रिपोर्ट नुसता पाठवू नका, पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, कारण तिथे घराण्यातून आलेला दोष असू शकतो आणि मग भाऊ-बहीण-मुलं सगळ्यांची तपासणी करावी लागते. ट्रायग्लिसराइड्स 500 च्या पुढे गेली तरी फोन करा, तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती सुरू होते.

रेंजेच्या आधी मोजणीकडेही एकदा बघा. एलडीएल तुम्ही थेट मोजता की एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सवरून, 1972 च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढता? सूत्राने काढत असाल तर ट्रायग्लिसराइड्स 400 च्या वर असताना तो आकडा छापूच नका. त्याच्या खालीही, ट्रायग्लिसराइड्स बरीच असतील आणि एलडीएल कमी असेल तेव्हा हे सूत्र एलडीएल आहे त्याहून कमी दाखवतं. नवी सूत्रं कॉम्प्युटरमध्ये घालता येतात. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाचा बाह्य गुणवत्ता कार्यक्रम (लॅबची मोजणी बाहेरून पडताळून देणारा) तुम्ही घेत असालच. त्यातला लिपिडचा कागद दर महिन्याला टेक्निशियनबरोबर बसून वाचा. आणि पेशंटला आल्या आल्या सुई टोचू नका. उभ्याचा बसलेला, बसलेल्याचा झोपलेला झाला की रक्तातलं पाणी इकडून तिकडे सरकतं आणि कोलेस्टेरॉल दहा टक्क्यांपर्यंत बदलू शकतं. पाच-दहा मिनिटं बसू द्या, दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सोडा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही इथेच सांगते. तुमचं एका लॅबमध्ये 128 आणि पंधरवड्याने दुसरीकडे 137 आलं तर कुणीतरी चुकलं असं लगेच समजू नका. एकाच माणसाचं एलडीएल दिवसागणिक सात-आठ टक्के वर-खाली होतच असतं, ट्रायग्लिसराइड्स तर वीस टक्के. लग्नाचं जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी तपासलं तर ट्रायग्लिसराइड्स वाढलेली दिसणारच. ताप, मोठं आजारपण, बाळंतपण यांच्या जवळपास तपासणी करून घेऊ नका. साध्या तपासणीला आता उपाशी राहायची गरज नाही, ट्रायग्लिसराइड्स फार जास्त आली तरच उपाशीपोटी पुन्हा करा. दोन रिपोर्टची तुलना करताना लॅबने छापलेल्या रेंजा बघू नका, आकडे बघा, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. गोळी सुरू करायची की नाही हे डॉक्टर एकट्या एलडीएलवरून ठरवत नाहीत, ठरवू नये. वय, तंबाखू, मिसरी, साखर, ब्लडप्रेशर, कमरेचा घेर आणि घरात कोणाला लवकर झटका आला का, हे सगळं डॉक्टरांसमोर आपणहून मांडा. आणि चालू असलेली गोळी 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून स्वतःहून बंद करू नका. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच.

तुमच्या वडिलांबद्दल. ते 64 वर्षांचे आहेत आणि त्यांचं 148 आहे. तुमच्या हिशेबाने ते रेंजमध्ये बसतात हे त्यांचं म्हणणं गणितात बरोबर आहे, म्हणूनच ते गणित मला धोक्याचं वाटतं. त्यांच्याशी रेंजवर वाद घालू नका. तुम्ही त्यांची मुलगी आहात, त्यांच्या डॉक्टर होऊ नका. एखाद्या फिजिशियनकडे त्यांना घेऊन जा, ब्लडप्रेशर, एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड आणि ईसीजी झालेला असू द्या. थायरॉइड मंदावलेलं असेल तर कोलेस्टेरॉल त्यानेही वाढतं आणि थायरॉइडच्या गोळीनेच उतरतं. एकदा लिपोप्रोटीन(ए), म्हणजे एलडीएलसारख्याच एका चरबीच्या कणाची तपासणी, करून घ्या. हे जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतं, आयुष्यात एकदा मोजलं की पुरतं, आणि सुमारे चारांतल्या एका भारतीयाचं ते 50 च्या वर असतं. त्यांचं जास्त निघालं तर तुमचंही मोजा. शेतावर चालणं होत असेल तर उत्तमच, पण 'मी शेतकरी आहे, मला काय होतंय' या भरवशावर 148 सोडून देण्यासारखं वय हे नाही. ताटातलं काय बदलता येईल ते आईशीही बोला: भात-भाकरीचा ढीग थोडा कमी, उसळ-डाळ वाढवलेली, तळणाचं तेल पुन्हा पुन्हा न वापरणं, वनस्पती तुपाला घरातून सुट्टी. शेंगदाण्याला घाबरायचं कारण नाही.

कारखान्याबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. तपासणीचा खर्च जो करतो त्याने रेंज ठरवायची नसते. त्यांना तुम्ही सांगा की रिपोर्टवर राष्ट्रीय मार्गदर्शिकेचे आकडे राहतील. नावानिशी रिपोर्ट कामगाराच्या हातात द्या. व्यवस्थापनाला फक्त एकत्रित माहिती द्या: इतक्या लोकांची तपासणी झाली, त्यात इतक्या जणांना पुढचा सल्ला लागेल. गळीत हंगामात रात्रपाळीच्या लोकांना काय खायला मिळतं, कँटीनमध्ये तंबाखू विकली जाते का, हे विचारायची संधी त्यातून तुम्हाला मिळेल. चाळिशीतल्या एका कामगाराचा झटका टळला तर कारखान्यालाही ते स्वस्तच पडतं, हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावता येईल.

आणि आता तुमच्या अभ्यासाबद्दल, कारण तो तुम्ही सोडू नये असं मला मनापासून वाटतं. ज्या चाचण्यांना स्थानिक रेंज खरोखर लागते तिथून सुरुवात करा. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाने आंतरराष्ट्रीय उपक्रमात भाग घेऊन निरोगी भारतीयांवरून 33 चाचण्यांच्या रेंजा काढल्या आहेत, त्या 2018 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या तुमच्या मशिनवर लागू पडतात का हे पडताळायला तुम्हाला 20 निरोगी माणसं पुरतात. त्यांतले दोनपेक्षा जास्त बाहेर गेले नाहीत तर रेंज घेता येते. हे तुम्ही येत्या महिन्यातच करू शकता.

लिपिडचा अभ्यास मात्र लॅबच्या रांगेतून नको, गावातून हवा. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत तीस वर्षांवरच्यांचं ब्लडप्रेशर, साखर आणि तीन प्रकारचे कर्करोग पाहिले जातात, कोलेस्टेरॉल त्यात नाही. म्हणजे तुमच्या तालुक्यात खरी पातळी काय आहे हे आज कुणीच मोजत नाही. मतदार यादीतून किंवा आशाताईंच्या कुटुंब नोंदवहीतून चिठ्ठ्या टाकून घरं निवडा. स्त्री-पुरुष वेगळे, आणि तिशी, चाळिशी, पन्नाशी, साठी असे गट करा. मधुमेही, तंबाखू खाणारे, गोळी घेणारे कुणालाही वगळू नका, फक्त नोंदवा. रेंज काढायची नसल्यामुळे वगळायची गरजच उरत नाही. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाला सोबत घ्या, त्यांच्या नैतिकता समितीची परवानगी आणि प्रत्येकाची मराठीत लेखी संमती घ्या. निकालाला 'निरोगी पातळी' म्हणू नका, 'आमच्या तालुक्याची आजची पातळी' म्हणा. पाच वर्षांनी त्याच घरांत पुन्हा जा. कुणाला झटका आला, कुणाची अँजिओप्लास्टी झाली, कोण गेलं आणि कशाने, हे विचारून लिहून ठेवा. भारतीयांसाठी रेघ अजून कुठे सरकवायला हवी हे ठरवायला अशाच नोंदी लागतात आणि दुष्काळी भागातल्या खेड्यांतून त्या फार थोड्या येतात. नमुना-संख्येचं गणित आणि संमतीपत्राचा मसुदा करताना अडलात तर मला पुन्हा लिहा.